गॅरेजमध्ये शिरणारं पावसाचं पाणी : उतार, चर, शटर आणि ओल

निळी_छत्री
नमस्कार मंडळी. गॅरेजात पावसाचं पाणी शिरू नये म्हणून काय काय करता येतं याची एका जागी नीट चर्चा व्हावी, म्हणून हा धागा. बोलायला सोपं जावं म्हणून एक नेमकी परिस्थिती मांडते.

गॅरेज ३ मीटर रुंद, ६ मीटर खोल. फाटकापासून शटरपर्यंत ७ मीटरची काँक्रीटची वाट, आणि ती सगळी गॅरेजकडेच उतरते. फाटकापेक्षा गॅरेजची जमीन ३५ सेंमी खाली. पुढे रोलिंग शटर. छपराच्या पन्हळीचा उभा पाइप शटरच्या शेजारीच मोकळा सुटतो. जोराच्या सरीत शटरखालून पाणी आत येतं. शिवाय मागच्या कोपऱ्यात भिंतीच्या बुडाशी ओल धरते, ती पाऊस थांबल्यावरही काही दिवस हटत नाही. शटरखाली जमिनीला चिकटवायची रबरी पट्टी मिळते, ती पुरेल का? की चर खणणं भागच आहे?

पाणसळ
एकटी पट्टी पुरणार नाही. का, ते आकड्यांतच बघा.

१ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. तुमची वाट ७ × ३ = २१ चौ.मी. तासाला १०० मिमी या वेगाची सर धरली (अशी सर थोडा वेळच टिकते, पण पाणी घुसतं ते त्याच वेळात) तर तासाला २१०० लिटर, म्हणजे मिनिटाला ३५ लिटर. पन्हळीचा पाइप छपराच्या ४० चौ.मी.चं पाणी आणत असेल तर त्याचे मिनिटाला आणखी ६७ लिटर. म्हणजे शटरसमोर येणाऱ्या पाण्यातला दोन तृतीयांश वाटा त्या एका पाइपाचा आहे!

आता पट्टी. ती साधारण १५ ते २० मिमी उंच असते. वाटेचा उतार ७ मीटरला ३५ सेंमी, म्हणजे ५ टक्के. अशा उतारावर शटरपाशी २० मिमी पाणी तुंबलं की त्याची शेपटी मागे फक्त ४० सेंमीपर्यंत जाते. त्या पाचरीत सगळं मिळून १२ लिटर मावतात. मिनिटाला ३५ लिटर येत असतील तर वीस सेकंदांत पाणी पट्टीवरून आत. पन्हळीचं पाणी धरलं तर सात-आठ सेकंदांत.

आधी तो पाइप वळवा. खाली एल्बो लावून ११० मिमीचा पाइप बाजूने न्या आणि पाणी भिंतीपासून निदान दीड-दोन मीटर लांब, वाटेच्या बाहेर, उताराच्या बाजूला सोडा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

ओळंबा_दोरी
पाणसळ यांच्याशी पूर्ण सहमत. त्यात एवढीच भर, की शटरखालून येणारं पाणी आणि मागच्या कोपऱ्यातली ओल हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांची औषधं एकमेकांना चालत नाहीत. खर्च करायच्या आधी पाणी नेमकं कुठून येतंय ते शोधा.

१) कोरड्या दिवशी पाइपने पाणी मारून बघा, पण खालून वर. आधी फक्त मागच्या भिंतीबाहेरची जमीन १५ मिनिटं भिजवा, भिंतीला पाणी लागू देऊ नका. मग भिंतीचा खालचा अर्धा मीटर. मग वाटेवर. शेवटी शटरवर आणि त्याच्या बाजूच्या चॅनेलवर (शटर ज्या उभ्या खाचेतून सरकतं ती). आत एक माणूस बॅटरी घेऊन उभा हवा. सगळीकडे एकदम पाणी मारलं तर काहीच कळत नाही.

२) जमिनीतून ओल चढतेय का हे बघायला १ मीटर चौकोनी जाड प्लास्टिक कोब्यावर अंथरा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि २४ तास ठेवा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब किंवा कोबा काळपट दिसला तर ओल खालून येतेय. थेंब वरच्या बाजूला असतील तर ती हवेतली वाफ आहे. त्याला वॉटरप्रूफिंग नव्हे, वारा खेळता ठेवणं हाच उपाय.

३) रात्री शटर बंद करून बाहेरून खालच्या फटीवर बॅटरी मारा. आतून जिथे उजेड दिसतो, तिथून पाणीही येतं. त्या जागा खडूने आखून ठेवा, पुढे कामाला येतात.

खडी_वाळू
चराबद्दल सविस्तर लिहितो, कारण चर खणूनही पाणी आत येतं अशी तक्रार बऱ्याचदा असते आणि कारणं जवळपास ठरलेली असतात.

जागा : चर शटरच्या बरोबर खाली घेऊ नका. शटरच्या बाहेर साधारण ३० सेंमीवर घ्या. शटर आणि चर यांमधल्या पट्ट्याला उलटा ढाळ द्या, म्हणजे चराकडे. १:५० धरला तर ३० सेंमीत ६ मिमी. दिसायला काहीच नाही, पण शटरवर आपटून खाली ओघळणारं पाणी याच ६ मिमीमुळे बाहेर जातं. लांबी दाराच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे १०-१५ सेंमी जास्त ठेवा, नाहीतर पाणी कडेने वळसा घालून येतं.

माप : आतून १०० मिमी रुंद तयार चॅनेल (चरात बसवायची, वर जाळी असलेली पन्हळ) या पाण्याला पुरतो. पानं-पाचोळा पडत असेल तर १५० मिमी घ्या. तळाला निदान १:२०० उतार हवा, जमलं तर १:१००. जाळी गाडीचं वजन पेलणारी हवी. तयार चॅनेलवर भारवर्ग लिहिलेला असतो : ए१५ फक्त चालणाऱ्यांसाठी, गाडीसाठी बी१२५. ए१५ ची जाळी चाकाखाली वाकते आणि मग ती उचलून गाळ काढताच येत नाही.

बसवण्याची पद्धत :
– कटर मशीनने दोन सरळ रेषा कापा. रुंदी चॅनेलपेक्षा २० सेंमी जास्त, म्हणजे दोन्हीकडे १० सेंमी काँक्रीट बसेल. खोली चॅनेलपेक्षा १० सेंमी जास्त.
– तळ धुम्मस करून घट्ट करा. सैल मातीवर बसवलेला चॅनेल पहिल्याच पावसाळ्यात मध्ये दबतो आणि तिथे पाणी साचून राहतं.
– दोरी बांधून उतार आधी पक्का करा, मग १०० मिमी एम-२० काँक्रीटचा थर टाका. चॅनेलचे तुकडे बाहेर पडण्याच्या टोकापासून वरच्या टोकाकडे जोडत जा.
– बाजूचं काँक्रीट ओतताना जाळ्या जागेवर बसवलेल्या असू द्या, वर चिकटपट्टी लावून. जाळी काढून काँक्रीट भरलं की प्लास्टिकच्या भिंती आत दाबल्या जातात आणि जाळी पुन्हा बसत नाही.
– जाळीचा माथा आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा ३ मिमी खाली. वर राहिली तर तीच बांधाचं काम करते.
– काँक्रीट ७ दिवस ओलं ठेवा. तोवर गाडी नको.

शेवटच्या टोकाला गाळाचं चेंबर हवंच. ३० × ३० सेंमी, आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाचं तोंड तळापासून १५-२० सेंमी वर. त्या खोलगट भागात माती बसते, पाइपात जात नाही. ११० मिमीचा स्वच्छ पाइप १:१०० उतारावर पूर्ण भरून वाहिला तर सेकंदाला साधारण ७ लिटर नेतो. तुमचं सगळं पाणी, पन्हळीसकट, सेकंदाला पावणेदोन लिटरच्या आसपास आहे. म्हणजे पाइप लहान पडत नाही, पडतो तो गाळामुळेच.

निळी_छत्री
फार उपयोगी माहिती. पण चराचं पाणी पुढे सोडायचं कुठे? फाटकाबाहेरची नाली वरच्या पातळीवर आहे.

पाणसळ
हा प्रश्न खणायच्या आधी पडला ते फार बरं झालं.

पारदर्शक नळीत पाणी भरून पातळ्या काढा. एक टोक शटरपाशी, दुसरं जिथे पाणी सोडायचं तिथे. नळीत बुडबुडा राहू देऊ नका, एवढंच सांभाळायचं. गॅरेजच्या जमिनीपासून चराचा तळ १५ सेंमी खाली, पुढे १२ मीटर पाइप १:१०० ने नेला तर आणखी १२ सेंमी. म्हणजे सोडण्याची जागा गॅरेजच्या जमिनीपेक्षा निदान २७-३० सेंमी खाली हवी. घराच्या मागे किंवा बाजूला एवढी खोलगट जागा असेल तर तिकडेच न्या. पुढच्या नालीत उताराने जाणारच नाही, कारण तुमची वाटच ३५ सेंमी खाली आलेली आहे.

नालीची तळपातळी कागदावर जमत असली तरी भर पावसात नाली काठोकाठ भरते तेव्हा काय होईल ते बघा. तेव्हाची पाण्याची पातळी चरापेक्षा वर जात असेल तर पाणी उलटं तुमच्याच चरातून वर येईल. पाइपाच्या टोकाला एकतर्फी झडप बसवा. पण झडप बंद असताना तुमचं पाणीही बाहेर जात नाही, हे लक्षात असू द्या. तिथे पंपाला पर्याय नाही.

आणि हे पाणी सांडपाण्याच्या लाइनीला कधीही जोडू नका. लाइन तुंबली की मैला गॅरेजात येतो.

मातीचा_थर
शोषखड्डा हाही मार्ग आहे, पण माती बघून. ३० सेंमी खोल खड्डा खणा, पाण्याने भरून पूर्ण जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि पाणी किती वेळात उतरतं ते मोजा. दुसऱ्या वेळचाच आकडा खरा, पहिल्यांदा कोरडी माती उगाच जास्त पिते. चिकणमातीत पाणी तासन्‌तास तसंच उभं राहत असेल तर शोषखड्ड्याचा नाद सोडा, भर पावसात तो भरलेलाच असेल. मुरूम किंवा वाळूसरीत छान चालतो. घराच्या पायापासून ५ मीटर तरी लांब ठेवा, नाहीतर पुढून काढलेलं पाणी तुम्ही स्वतःच पायात सोडाल. गॅरेजात तेल सांडत असेल तर ते धुतलेलं पाणीही यात जाऊ देऊ नका.

कोबा
यापेक्षा गॅरेजची जमीनच १० सेंमी उचलली तर? पाणी आपोआप बाहेर राहील.

ओळंबा_दोरी
कधी कधी तेच योग्य असतं, पण तीन गोष्टी तपासून. पहिलं, शटर पूर्ण वर गेल्यावर मिळणारी उंची १० सेंमीने कमी होते. दुसरं, भिंतीत जमिनीलगत ओलरोधक थर असेल तर नवा कोबा त्याच्या वर चढतो आणि ओल थराला वळसा घालून भिंतीत जाते. कोब्याखाली जाड प्लास्टिक अंथरून ते भिंतीलगत वर वळवलं तरच चालतं. तिसरं, बाहेरचं पाणी हटत नाहीच. ते शटरसमोर १० सेंमी तुंबेल आणि बाजूच्या भिंतींतून पाझरेल.

पूर्ण जमीन न उचलता दारातच रुंद उंचवटा करता येतो. ५ सेंमी उंच, दोन्ही बाजूंना ५०-५० सेंमी उतार, म्हणजे १:१०. गाडीचा पोटाचा भाग घासत नाही. असाच उंचवटा फाटकात केला तर रस्त्याचं पाणी वाटेवर येणंच थांबतं, आणि पाणसळ यांनी काढलेला ३५ लिटरचा आकडा खरा ठरतो. रस्त्याचं पाणी आत येत असेल तर त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

खडी_वाळू
+१. फाटकातला उंचवटा करताना कडेला, कुंपणभिंतीलगत फट ठेवू नका. गवंडी तिथे हमखास चार बोटं सोडतात आणि सगळं पाणी तेवढ्यातून येतं.

सरकते_दार
शटरबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून.

बरीच शटरं गॅरेजच्या जमिनीवरच टेकतात, मूळ चूक ती. शटर टेकायची जागा आतल्या जमिनीपेक्षा १५-२० मिमी खाली, बाहेरच्या पायरीवर हवी. मग शटरच्या पट्ट्यांवरून ओघळणारं पाणी आतल्या कडेला अडतं आणि बाहेर जातं. शटर आतल्या पातळीवरच टेकत असेल तर तेच पाणी शटरच्या खालच्या पट्टीखालून सरळ आत येतं, मग बाहेर कितीही चांगला चर असो. नवीन कोबा होणार असेल तर ही पायरी आत्ताच मागून घ्या. नंतर करायची म्हणजे कापकाम.

पायरी करणं शक्य नसेल तेव्हा ती रबरी पट्टी. ती अशी बसवा :

शटर खाली घेऊन बाहेरून आणि आतून खडूने रेघ मारा. बहुतेक पट्ट्यांत उंच कडा शटरच्या आतल्या बाजूला येते आणि शटर तिच्या पुढच्या सपाट भागावर टेकतं. उलटी बसवली तर पाणी शटर आणि कडा यांच्यामध्ये अडकून आत सांडतं. कोब्यावरचा भुसभुशीत सिमेंटचा थर तारेच्या ब्रशने खरवडा, धूळ झाडून ओल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पट्टी आदल्या दिवशी उलगडून उन्हात सरळ पडू द्या, गुंडाळीतून काढून लगेच चिकटवली तर टोकं उचलतात. चिकटवायला पॉलियुरेथेन, आम्लाचा वास येणारं सिलिकॉन नको, ते काँक्रीटला नीट धरत नाही. पट्टीखाली दोन सलग, न तुटलेल्या रेघा द्या आणि पट्टी बसवल्यावर बाहेरच्या कडेला तिसरी. २४ तास गाडी चालवू नका.

खरी कसोटी दोन टोकांची. पट्टी शटरच्या चॅनेलपर्यंत भिडवा आणि उरलेली फट सीलंटने भरा. जमीन एका बाजूला कलती असेल तर सगळं पाणी त्याच टोकाला गोळा होतं.

शटरच्या खालच्या पट्टीला ईपीडीएम रबर लावा, ते उन्हात साध्या रबरापेक्षा बरंच जास्त टिकतं. खडूने आखलेल्या फटी ५-६ मिमीपेक्षा मोठ्या असतील तर रबर त्या भरत नाही. तिथे आधी पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने जमीन सरळ करून घ्या. वाऱ्याबरोबर येणाऱ्या पावसासाठी बाजूच्या चॅनेलला ब्रशपट्टी. ती पाणी थांबवत नाही, तुषार थांबवते, तेवढ्यापुरतीच तिची अपेक्षा धरा.

निळी_छत्री
पट्टी लावल्यावर आत गाडीवरून गळणारं पाणी बाहेर कसं जाणार?

सरकते_दार
जात नाही. पट्टी दोन्हीकडून अडवते. ओली गाडी आत आणली की पाणी रबरी झाडूने ढकलून पट्टीवरून बाहेर काढावं लागतं. म्हणूनही पायरी केव्हाही बरी : गॅरेजच्या जमिनीला दाराकडे १:१०० उतार आणि पुढे पायरी, म्हणजे आतलं पाणी आपलं आपण बाहेर जातं.

मातीचा_थर
आता मागच्या कोपऱ्यातली ओल. पाऊस थांबल्यावरही राहते म्हणजे बाहेरची माती भिजून बसली आहे आणि भिंत-जमिनीच्या सांध्यातून पाणी आत ढकललं जातंय. साचलेल्या पाण्याची उंची १ मीटर असेल तर तळाला दर चौरस मीटरवर जवळपास १ टन दाब पडतो. आतून मारलेला ऑइलपेंट किंवा कुठलाही पातळ रंग म्हणूनच फुगे धरून सुटतो. भिंतीवर लोणा (पांढरे क्षार) दिसत असेल तर तो रंगाखाली झाकू नका, पाणी कुठवर चढतं याची ती खूण आहे.

बाहेरचं काम आधी. भिंतीलगतची जमीन भिंतीपासून दूर उतरती करा, पहिल्या ३ मीटरमध्ये १५ सेंमी. फुलझाडांचे वाफे भिंतीला चिकटून असतील तर हलवा. एवढ्याने भागलं नाही तर भिंतीपासून थोडं अंतर सोडून ३० सेंमी रुंद चर खणा, तळ गॅरेजच्या जमिनीपेक्षा खाली पण पायाच्या तळापेक्षा वर. त्यात आधी जिओटेक्स्टाइल कापड (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं), मग ५ सेंमी खडी, मग १०० मिमीचा छिद्रांचा पाइप छिद्रं खाली करून, १:१०० उतारावर, मग वरपर्यंत २० मिमी खडी. कापड खडीभोवती गुंडाळा. नुसतं पाइपाला गुंडाळलं तर बारीक माती छिद्रांवरच लेप धरते आणि पाइप नावापुरता उरतो.

आतून : सांध्यात २० × २० मिमी खाच कापा, सैल माल काढा, धुवा. पाणी चालू असेल तर काही मिनिटांत घट्ट होणारं प्लगिंग सिमेंट दाबून धरा. मग खाच न आकसणाऱ्या मॉर्टरने भरा आणि वर १:३ सिमेंट-वाळूचा, एसबीआर लॅटेक्स (चिकटपणा वाढवणारं द्रव) घातलेला ४०-५० मिमी त्रिज्येचा वाटा, म्हणजे भिंत-जमिनीच्या कोनात गोलाई, काढा. त्यावर भिंतीवर ३० सेंमी आणि जमिनीवर १५ सेंमी असा क्रिस्टलाइन सिमेंटी लेप, दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडवा. हा लेप ओलसर पृष्ठभागावर लावायचा आणि नंतर दोन-तीन दिवस पाणी शिंपडायचं. कोरड्या भिंतीवर लावून वाळत ठेवला की भुकटी होतो. जुना गिलावा पोकळ वाजत असेल तर तो विटेपर्यंत काढा. त्यावर लेप देणं म्हणजे माल वाया.

निळी_छत्री
मागच्या बाजूला खोलगट जागा नाही असं धरू. मग पंप. किती मोठा, आणि खड्डा केवढा?

पाणसळ
पन्हळीचं पाणी आधी वळवलं आहे असं धरून मिनिटाला ३५ लिटर. खड्डा ६० × ६० सेंमी, ९० सेंमी खोल. फ्लोटच्या (पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणाऱ्या तरंगत्या स्विचच्या) चालू-बंद पातळ्यांत ५० सेंमी अंतर ठेवलं तर मध्ये १८० लिटर मावतात. भर सरीत ते पाच मिनिटांत भरतं. म्हणजे या खड्ड्यावर साठवण म्हणून विसंबू नका. पंप बंद पडला की हातात पाचच मिनिटं असतात.

पंप येणाऱ्या पाण्याच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा, मिनिटाला ६०-७० लिटर, पण तुमच्या चढाईला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा शून्य चढाईचा असतो. तक्त्यात तुमची उंची (खड्ड्यातल्या खालच्या पातळीपासून पाणी सोडण्याच्या जागेपर्यंत, वर पाइपाच्या घर्षणाचे थोडे) शोधा आणि तिथला आकडा वाचा. मातकट पाण्याला चालणारा सबमर्सिबल घ्या आणि तळाला विटेवर ठेवा, गाळ ओढत नाही. वर एकतर्फी झडप. पंप आणि झडप यांच्यामधल्या पाइपाला ३-४ मिमीचं छिद्र पाडा, नाहीतर हवा अडकून पंप नुसता फिरतो. छिद्राची चिळकांडी खड्ड्यात खाली जाईल अशा बाजूला पाडा.

वीज जोराच्या पावसातच जाते. इन्व्हर्टरवर चालवायचा तर मोटर सुरू होताना चालू भाराच्या कित्येक पट करंट ओढते, तेवढा झटका तो सोसतो का ते बघा. जास्त भरवशाचा मार्ग म्हणजे बॅटरीवरचा दुसरा छोटा पंप, त्याचा फ्लोट पहिल्यापेक्षा १० सेंमी वर. पहिला चालत असेल तोवर दुसरा उठतच नाही. पंपाच्या लाइनीला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) अनिवार्य समजा, आणि गॅरेजातले सगळे सॉकेट जमिनीपासून १ मीटरवर.

सरकते_दार
फ्लोटला खड्ड्याच्या भिंतीशी घासू देऊ नका. केबल पाइपाभोवती अडकून पंप सुरूच न होणं हा सर्रास दिसणारा बिघाड आहे. पावसाळ्याआधी बादल्यांनी खड्डा भरून एकदा चालवून बघा.

कोबा
आणि अचानक पाणी वाढलं तर वाळूच्या पिशव्या?

खडी_वाळू
चालतात. पिशवी अर्धी ते दोन तृतीयांशच भरा म्हणजे ती पसरून बसते, ठासून भरलेल्या पिशव्यांमध्ये फटी राहतात. आधी प्लास्टिक अंथरून ते पाण्याच्या बाजूने वर घ्या, पिशव्या विटांसारख्या सांधेतोड रचा, तोंड दुमडून खाली. तळाची रुंदी उंचीच्या तिप्पट. शटरला टेकवून रचू नका, दाबाने पट्ट्या वाकतात.

निळी_छत्री
सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम असा लावते : पन्हळीचा पाइप, फाटकातला उंचवटा, मग पातळ्या मोजून चर, शेवटी शटरची पायरी. मागच्या कोपऱ्याचं काम बाहेरून आधी, आतून नंतर. काम झाल्यावर पावसाची वाट न बघता तपासायचं कसं?

ओळंबा_दोरी
क्रम बरोबर आहे. फक्त शटरची पायरी आणि चरापुढचा उलटा ढाळ एकाच वेळी करून घ्या, दोन्ही त्याच ३० सेंमीत येतात आणि जुन्या-नव्या काँक्रीटचा सांधा शटरखाली येत नाही.

तपासणीसाठी २०० लिटरचं पिंप भरून फाटकापाशी ठेवा आणि पाणी वाटेच्या पूर्ण रुंदीवर पसरेल असं पाच-सहा मिनिटांत सोडा. वर धरलेल्या सरीचाच हा वेग आहे. साधा बागेचा पाइप एकटा तेवढं पाणी देत नाही, त्यामुळे त्याने केलेली चाचणी खोटा धीर देते. दुसऱ्यांदा सोडताना जाळीवर मूठभर सुकी पानं टाका : ती जाळीला चिकटून पाणी वरून उडी मारतं का ते बघा. मारत असेल तर १५० मिमीची रुंद जाळी घ्यावी लागेल. आतल्या माणसाने नजर ठेवायची ती शटरच्या मध्यावर नव्हे, शटरच्या बाजूच्या दोन्ही चॅनेलच्या बुडांशी. तिथे कोरडा कागद दाबून ठेवा. कडा भिजली की सीलंट कुठे सुटलंय ते लगेच कळतं.